दोन ड्रमांची तफावत

हॉलंडला जाऊन आलो म्हटल्यावर सोलापुरात लोक पहिल्यांदा ट्यूलिपचं विचारतात. ट्यूलिप मी पाहिले नाहीत. ते वसंतात फुलतात आणि मी ऑक्टोबरात गेलो. पवनचक्की एकच पाहिली, तीही गाडीच्या खिडकीतून. मी गेलो होतो हेग शहरातल्या एका कचेरीत, पूर्वी केलेलं एक खोटं मागे घ्यायला. माझं वय चौऱ्याहत्तर आहे. आणखी थांबलो असतो तर ते खोटं माझ्यामागेही खरं म्हणूनच राहिलं असतं.

ती कचेरी म्हणजे रासायनिक शस्त्रांवर बंदी घालणारा जो जागतिक करार आहे, तो सगळे देश पाळतात की नाही हे पाहणारी संस्था. सोलापूरच्या माणसाचा तिच्याशी काय संबंध, असं कोणालाही वाटेल. चिंचोळी एमआयडीसीत एक लहान कारखाना होता. तो आता बंद आहे, त्याचं नाव लिहीत नाही. कापडाला रंग सारखा लागावा म्हणून रंगात मिसळायची द्रावणं तिथे तयार होत. मी तिथल्या भांडाराचा प्रमुख. आमच्याकडे येणारं एक रसायन असं होतं की रंगाच्या कामात ते गरीब गाय, पण कोणी वाईट मनात आणलं तर त्याच्यापासून माणसाची कातडी आणि फुप्फुसं जाळणारा वायू होऊ शकतो. म्हणून ते कराराच्या यादीत होतं. किती आलं, किती वापरलं, किती उरलं हे दर वर्षी दिल्लीमार्फत हेगला कळवायचं, आणि त्यांची माणसं येऊन ते ताडून पाहणार. वीसेक वर्षांपूर्वी ती माणसं खरोखरच आली, तेव्हा मी त्यांच्याशी खोटं बोललो आणि ते एका गरीब माणसाच्या नावावर टाकलं.

पहिली सकाळ

माझी मुलगी वैशाली हेगला लागून असलेल्या एका गावात राहते. जावई कामासाठी परगावी गेले होते, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. पहिल्या दिवशी मला लवकर जाग आली. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला तर पाणी आलं. मग जन्मभर जे करत आलो तेच हाताने केलं. बादली भरली, पातेली भरली, कुकर भरला, बाटल्या भरल्या, एक काचेची फुलदाणी होती तीही भरली. वैशाली डोळे चोळत आली तेव्हा ओट्यावर बोट ठेवायला जागा नव्हती.

"बाबा, हे काय चाललंय?"

"पाणी आलंय."

"इथे रोज असतं."

"किती वाजेपर्यंत?"

ती हसत हसत खालीच बसली. "बाबा, जात नाही ते. केव्हाही नळ सोडा." मग तिने त्या फुलदाणीकडे पाहिलं आणि पुन्हा हसायला लागली.

मीही हसलो. सोलापूरकराला यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही. आमच्याकडे चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं. घरात भांडी दोन कमी असली तरी चालतात, पण दोनशे लिटरचा निळा ड्रम लागतोच. नवं बिऱ्हाड मांडणारा माणूस आधी ड्रम शोधतो.

माझं खोटं सुरू झालं ते या ड्रमांपासूनच. आमच्या कारखान्यात खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली की प्रत्येक कामगाराला पेढ्यांबरोबर एक रिकामा ड्रम घरी न्यायला मिळे. ही पद्धत मालकांनी नाही, मी पाडली होती. भंगारात जायचे ते चार घरांत गेले तर बिघडलं कुठे, असं मला वाटे. महिनाभर आधीपासून लोक येता-जाता अडवायचे, "सायेब, औंदा माजा नंबर लागतोय न्हवं?" मला ते आवडायचंही. पण ड्रमाच्या तळाला थोडा माल राहतो. नियमाप्रमाणे तो निथळून एका जागी करायचा, त्याचं वजन करायचं आणि लिहायचं. त्याला वेळ लागतो, आणि मला तर नवरात्र आलं की ड्रम मोकळे हवे असत. माझ्या हाताखालचा सिद्राम पाण्याचा पाइप लावून ते धुऊन काढी. तळाचा माल मागच्या नाल्यातून वाहून जाई. मी मात्र रजिस्टरात अख्खा ड्रम उत्पादनाला दिला असं लिहून मोकळा होई. सात-आठ वर्षं हे असंच चाललं, आणि आपण लोकांचं भलं करतो आहोत अशी माझी समजूत होती.

समुद्रावर

दुसऱ्या दिवशी वैशालीने मला ट्रामने समुद्रावर नेलं. तिथला वारा अंगावर धावून येतो. माझी टोपी उडाली आणि एका लांब नाकाच्या कुत्र्याने ती पकडून आणून दिली. कुत्र्याच्या मालकिणीने माझी इतक्या वेळा क्षमा मागितली की शेवटी मीच तिची मागितली. लोक उभ्या उभ्या कच्चा मासा कांद्यात बुडवून शेपटीला धरून तोंडात सोडत होते. मी बटाट्याच्या तळलेल्या फोडी घेतल्या. त्यावर त्यांनी पांढरा, आंबटगोड लोण्यासारखा पदार्थ घातला, तो बोटाने बाजूला सारून खिशातली शेंगाचटणी लावली.

मला सगळ्यात नवल वाटलं ते तिथल्या खिडक्यांचं. रस्त्याच्या कडेची घरं, जमिनीपासून वरपर्यंत काच, आणि पडदे नाहीत. आत माणसं जेवतात, भांडतात, पेपर वाचतात, रस्त्यावरून सगळं दिसतं. आमच्याकडे ऊन आणि धूळ यांच्यासाठी खिडकी बंदच. मी म्हटलं, "यांना काही वाटत नाही?"

"लपवायला काही नाही असं दाखवायची जुनी रीत आहे म्हणतात," वैशाली म्हणाली. "खरं-खोटं त्यांनाच ठाऊक."

मी पुढे चालू लागलो. तिने विचारलं, "बाबा, उद्या त्या ऑफिसात जायचंय ना? मी मेल केली तेव्हा त्यांना लिहिलंय, माझे वडील अशा कारखान्याच्या नोंदी सांभाळायचे. तुमच्या कामाबद्दल काही सांगायचं असेल ना तुम्हाला?"

"हो," मी म्हणालो.

तिला वाटत होतं मी जुन्या कामाच्या अभिमानापोटी आलो आहे. तसं वाटायला कारण होतं. तपासणी पार पडल्यावर मालकांनी मला कौतुकाचं पत्र दिलं होतं आणि ते आमच्या दिवाणखान्यात चौकटीत होतं. नंतर दोन-तीन कारखान्यांनी मला नोंदी कशा ठेवाव्यात यावर बोलायला बोलावलं. मी गेलो, बोललो, शाल घेतली. ती चौकट मी निघण्याच्या आदल्या आठवड्यात खाली काढून ठेवली. वैशालीला हे सांगितलं नाही.

कचेरीत

ती इमारत अर्धगोल आहे आणि आजूबाजूला झाडं. बाहेरून एखाद्या बँकेची म्हणून खपेल. दारात पहाऱ्यावरच्या तरुणाने पिशवी यंत्रातून घातली आणि थांबवली. हातमोजे घालून त्याने आतून अर्धा किलोची लाल पुडी बाहेर काढली.

"हे काय आहे?"

भेट म्हणून आणलेली शेंगाचटणी होती ती. सोलापूरचा माणूस रिकाम्या हाताने कोणाकडे जात नाही. पण रासायनिक शस्त्रांच्या कचेरीत लाल पूड घेऊन जाणारा मीच पहिला असेन. मी म्हटलं, "शेंगदाणे, लसूण, तिखट." त्याने आणखी एकाला बोलावलं. त्या दुसऱ्याने हुंगली आणि त्याला सटासट शिंका आल्या. वैशाली लाजेने भिंतीकडे तोंड करून उभी. शेवटी पुडी एका प्लास्टिकच्या पेटीत बंद झाली आणि जाताना घेऊन जा असं मला सांगण्यात आलं.

आम्हाला भेटायला आलेल्या बाई पन्नाशीच्या, मूळच्या चिली देशातल्या. पूर्वी त्या स्वतः तपासणीला देशोदेशी जात. सोलापुरात मात्र कधी आल्या नव्हत्या. त्यांनी कॉफी दिली आणि आधीच सांगून टाकलं, "तुमच्या कारखान्याबद्दल आमच्याकडे काय कागद आहेत ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. तुम्ही स्वतः तिथे होता तरीही नाही. माहिती गुप्त ठेवायची हा कराराचाच भाग आहे. पण तुम्हाला काय सांगायचंय ते मी ऐकेन."

मी घरून इंग्रजीत लिहून आणलं होतं. तीन ओळी वाचल्या आणि कागद खाली ठेवला, कारण मी पुन्हा रजिस्टरच्या भाषेत बोलत होतो. मग माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगायला लागलो. अडलं तिथे वैशालीकडे पाहून मराठीत बोललो, आणि तिने ते त्यांना सांगितलं. अशा रीतीने माझ्या मुलीला ते पहिल्यांदा कळलं, आणि कळता कळताच तिला ते स्वतःच्या तोंडाने बोलावंही लागलं.

सांगितलं ते असं. तपासणीचं पथक येणार हे दोन दिवस आधी कळलं. मी रजिस्टरची बेरीज घेतली, उत्पादनाच्या कागदांची बेरीज घेतली, आणि दोन्ही जुळेनात. भांडाराने जितका माल दिला म्हणून लिहिलं होतं त्याहून दोन ड्रम कमी माल उत्पादनात वापरला गेला होता. ते दोन ड्रम वर्षानुवर्षं तळातळाने नाल्यातून गेले होते, पण कागदावर ते गायब होते. विषारी वायूचा कच्चा माल गायब! मालक म्हणाले, नाल्याचं नाव काढू नका, कारखान्याला टाळं लागेल. तुम्ही भांडारवाले आहात, तुम्हीच काय ते बघा.

मी सिद्रामला बोलावलं. त्याच्याच नावाचा एक जबाब त्याच्यासमोर ठेवला. दोन ड्रम माल मी डब्या-डब्याने चोरून बाहेर रंगवाल्यांना विकला, असं त्यात माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं. म्हटलं, "सिद्राम, हे कागदापुरतं आहे. परदेशी साहेब गेले की आठ दिवसांत तुला परत कामावर घेतो."

त्याने तो कागद हातात धरला. तो चौथीपर्यंत शिकलेला, ओळीवरून बोट फिरवत वाचायचा. वाचून झाल्यावर म्हणाला, "सायेब, ह्यात चोरी म्हनून लिवलंय की."

"कागदापुरतं रे."

"तुमी म्हनताय म्हंजे बरोबर असंल की," असं म्हणून त्याने सही केली.

पथकात तिघं होते. त्यांच्यातल्या एका उंच, वयस्कर माणसाने तो जबाब दोनदा वाचून घेतला आणि विचारलं, "या माणसाशी बोलता येईल का?" मी म्हणालो, तो पळून गावी गेला आहे. सिद्राम त्या वेळी गोदामाच्या मागे लिंबाखाली डबा घेऊन बसला होता. मीच त्याला तिथे बसवलं होतं. पथक गेलं. आठ दिवसांनी मालक म्हणाले, जबाब वर गेला आहे, आता त्याला परत कसं घेणार? मी एक शब्द बोललो नाही.

माझं सांगून संपलं तेव्हा वैशालीचा आवाज बसला होता. बाई बराच वेळ कागदावर काही लिहीत होत्या.

"तुमच्या कारखान्याबद्दल मी बोलत नाही," त्या म्हणाल्या, "पण कुठेही गेलं तरी ड्रमाच्या तळाला माल राहतो. हे प्रत्येक तपासनिसाला ठाऊक असतं. तफावत सगळीकडे असते. तिचं कारण खरं सांगितलं तर बहुतेक वेळा आम्ही ते लिहून घेतो, सुधारणा करायला सांगतो आणि पुढे जातो."

म्हणजे खोट्याची गरजच नव्हती. वीस वर्षं मी निदान एवढं तरी धरून होतो की दुसरा मार्ग नव्हता.

मग त्यांनी विचारलं, "आणि ते धुतलेले ड्रम? कामगार त्यांचं काय करत?"

"पाणी भरत."

"कसलं पाणी?"

"वापरायचं," मी म्हणालो. पाणी पाच दिवसांनी येतं त्या घरात वापरायचं आणि प्यायचं यात किती अंतर उरतं, ते मला माहीत होतं. मी मान खाली घातली. त्यांनी तेही लिहून घेतलं.

जाता जाता त्यांनी सांगितलं की माझं निवेदन त्या ठेवून घेतील, पण रीतसर मार्ग आपल्या देशाच्या दिल्लीतल्या कार्यालयातून आहे, तिथेही एक प्रत पाठवा. मी पाठवली आहे. निरनिराळ्या देशांनी कबूल केलेले शस्त्रसाठे आता नष्ट झाले, हेही त्यांनी सांगितलं. आपल्या देशानेसुद्धा करार केल्यावर स्वतःकडचा साठा कबूल केला होता आणि नष्ट करून दाखवला होता. एवढ्या मोठ्या देशाला जे कबूल करता आलं, ते दोन ड्रमांसाठी मला जमलं नव्हतं.

दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा त्यांनी शेवटचं विचारलं, "तुम्ही इथे आलात हे त्या माणसाला माहीत आहे?"

"नाही."

त्या आत वळल्या. पहाऱ्यावरच्या तरुणाने चटणीची पेटी आणून दिली.

ट्राममध्ये वैशाली खिडकीकडे तोंड करून बसली होती. तशीच बसून म्हणाली, "सिद्रामकाका म्हणजे दर थंडीत आपल्याकडे हुरडा घेऊन यायचे, तेच ना?"

"हो."

"मी तुम्हाला विचारलं होतं, काका आता का येत नाहीत. तुम्ही म्हणालात, त्यांनी नोकरी सोडली."

पुढचे पाच दिवस मी तिथे होतो. तिने मला वेळेवर जेवायला वाढलं, गरम कपडे दिले, विमानतळावर सोडलं. गावातलं काही दाखवायला मात्र पुन्हा नेलं नाही, आणि मीही म्हटलं नाही.

भवानी पेठ

सोलापुरात परतल्यावर तिसऱ्या दिवशी मी भवानी पेठेत गेलो. माझ्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटं. सिद्राम तिथेच राहतो हे मला इतकी वर्षं माहीत होतं. एका टॉवेलच्या गोदामात तो घड्या घालायचं आणि गठ्ठे शिवायचं काम करतो. गोदामात मागच्या बाजूने यंत्रमागांचा खटखटाट येत होता. सिद्राम फरशीवर मांडी घालून बसलेला, पुढे पांढऱ्या टॉवेलांचा ढीग. केस गेलेले, पण हात तेच.

"या की सायेब, बर्री," त्याने कानडीत स्वागत केलं आणि एक गठ्ठा पुढे सारला. "बसा. नवीन माल हाय, टोचायचं न्हाई."

त्याची बायको दोन वर्षांपूर्वी गेल्याचं मला तिथे कळलं. मी सगळं एका दमात सांगितलं. हेग, कचेरी, निवेदन, दिल्ली. त्याने घड्या थांबवल्या नाहीत.

"कुटं म्हनलाव, ती कचेरी?"

"हेग. हॉलंड देशात."

"इमानानं गेलाव?"

"हो."

"मग मदी भवानी पेठ लागली न्हाई व्हय?" असं म्हणून तो हसला. पलीकडे गठ्ठे शिवणारी एक बाईही हसली. "मी हितंच हुतो की सायेब. बावीस वर्सं. चिंचोळीत तीन कंपन्यांत गेलो. गेटवरचा वॉचमनच म्हनायचा, ड्रमवाला आला बघा. मग हितं बसलो. हितं टॉवेल चोरून कोन काय करनार?"

मी हात जोडले. त्याने ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

"मला सांगून काय करायचं? म्या काय केलं न्हाई हे मला म्हाईतच हाय की."

"मग कोणाला सांगू? तू म्हणशील त्याला सांगतो. पेपरात देतो."

त्याने एक टॉवेल झटकून सरळ केला. "शोभाला सांगा. माजी लेक. अकलूजला मास्तरीन हाय, शाळंत." त्याच्या बोलण्यात आता वेगळाच सूर होता. "तशी तिला म्हाईत हाय म्हना. ती कदी इचारलीच न्हाई मला, अप्पा खरं काय म्हनून. इचारायची गरजच पडली न्हाई. बापावर लई इश्वास तिचा. पर तुमच्या तोंडनं ऐकली म्हंजे पोरीला बरं वाटंल."

अकलूज

शनिवारी आम्ही एसटीने निघालो. सिद्रामने इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता आणि लेकीसाठी कडक भाकरीचा पुडा बांधून घेतला होता. खिडकीजवळची जागा त्याने मला दिली. गाडीत ओळख निघेल त्याला तो सांगे, "हे आमच्या कंपनीचे सायेब. परवाच फॉरेनहून आलेत." मला खाली उतरून जावंसं वाटत होतं. वेळापूर सोडलं की दोन्ही बाजूंना उसाची हिरवी भिंत लागते. साखर कारखाने सुरू झाले होते. उसाने लादलेल्या ट्रॉल्या रस्ताभर झुलत चालल्या होत्या आणि आमची गाडी त्यांच्यामागे रांगत होती. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून ट्रॅक्टरवाल्याला म्हणाला, "आरं, सासरी चाललास का? जरा लौकर हाल की!"

शोभा सकाळची शाळा सुटून नुकतीच घरी आली होती. तिचं घर लहान, नीटनेटकं, दारात तुळस. तिने वडिलांच्या हातातला पुडा घेतला, पाणी आणलं. "हे कोण, अप्पा?"

"आगं, आमचे स्टोअरवाले सायेब."

तिचा चेहरा आखडला. तरीही "बसा" म्हणाली.

मी सुरुवात केली, "त्या वेळी कारखान्यात जी तफावत आढळली होती, त्या अनुषंगाने..."

"सरळ बोला की सायेब," सिद्राम म्हणाला.

मी सरळ बोललो. तुझ्या वडिलांनी काही चोरलं नव्हतं. जबाब मी लिहिला होता. माझी चूक झाकायला मी त्यांची सही घेतली, परत कामावर घेण्याचं वचन दिलं आणि ते मोडलं.

शोभा उभीच होती. हातातलं तांब्या-भांडं तिने खाली ठेवलं नाही.

"म्हणजे अप्पांनी चोरी केली नव्हती?"

सिद्राम मोठ्याने हसला. "आता बग! सायेब, ही अशी मस्करी करती." मग त्याने तिच्याकडे पाहिलं. "शोभे? तुला म्हाईतच हाय की."

ती हातातल्या भांड्याकडे पाहत होती.

"शोभे?"

"दहावीच्या परीक्षेआधी तुम्ही मला घड्याळ आणलं होतं, अप्पा. सोनेरी काट्यांचं."

"व्हय. आनलं हुतं की."

"त्याच आठवड्यात तुमची नोकरी गेली. शाळेत मुली म्हणाल्या, तुझ्या बापाने ड्रम विकून घड्याळ घेतलं." तिने भांडं शेवटी खाली ठेवलं. "मला वाटलं, माझ्यासाठी केलं तुम्ही. मी मागितलं होतं म्हणून."

"आगं, आखरी पगाराचं हुतं ते." सिद्राम अडखळला. "पर तू तर म्हनलीस, ते बंद पडलं. दोनदा दुकानात घिऊन गेलो मी. दुकानदार म्हनायचा, ह्याला काईच झालेलं न्हाई, चालू हाय."

"बंद पडलं नव्हतं," शोभा म्हणाली. "मला घालवेना."

सिद्रामचे हात मांडीवर पालथे पडले होते. तो लेकीकडे पाहत राहिला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. गोदामात, गाडीत, त्या जुन्या दिवशी सही करतानासुद्धा, त्याने मला असं कधी पाहिलं नव्हतं.

"सायेब, तुमी जरा भाईर बसा."

मी बाहेर पायरीवर येऊन बसलो. दार आतून लोटलं गेलं. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. रस्त्यावरून ट्रॉल्या जात होत्या. एक शेजारीण येऊन "पाहुणं, हितं उन्हात का बसलाव?" म्हणाली आणि पुढे गेली.

मग शोभा बाहेर आली. डोळे सुजले होते, पण आवाज शाळेत फळ्यापुढे उभ्या असलेल्या बाईचा होता.

"हे सगळं लिहा. अप्पांचं नाव घालून. आणि इथे यायच्या आधी तुम्ही कुठे कुठे जाऊन आलात तेही लिहा. समुद्र पाहिलात, ट्राममध्ये बसलात, सगळं. छापून आलं की मला दोन प्रती पाठवा. एक शाळेत ठेवीन."

"लिहितो," मी म्हणालो.

"सोलापूरची गाडी आत्ता लागेल. स्टँड जवळच आहे."

मी चपला घातल्या. आमच्याकडे वैरी जरी घरी आला तरी माणूस त्याला कोपऱ्यापर्यंत पोचवायला जातो. मी फाटकाशी थोडा थांबलो. उघड्या दारातून सिद्रामची पाठ दिसत होती. तो उठला नाही.